भंगारात जाणारी दप्तरे
(कोरपना, जि. चंद्रपूर येथे झालेल्या व्याख्यानाचे संक्षिप्त शब्दांकन)

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे गोळा केली. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली निघाला. त्यांतील पुष्कळ कागद मोडीत होते. पण मोडी शिकणाऱ्यास ते आजही वाचता येतात. आपल्या माळ्यावरील जुन्या संगणकाचे तसे नाही.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' हा स्वदेशी संगणक कार्यान्वित झाला. १९९१ साली विदर्भाचे सुपुत्र डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने 'परम ८०००' साकारला. ही नावे आपण अभिमानाने घेतो. परंतु घरातील, शाळेतील, पतसंस्थेतील संगणक मात्र किलोच्या भावाने भंगारात देतो.

माझेच उदाहरण सांगतो. १९९८ साली या परिसरातील कोलाम वस्त्यांवर वृद्ध मायबहिणींकडून ऐकलेली गीते मी टंकित करून फ्लॉपीत ठेवली. कागद वाळवीने खाल्ले. वीस वर्षांनी फ्लॉपी उघडली, तर पडद्यावर निरर्थक रोमन चिन्हे! तेव्हाचे बहुतेक मराठी फॉन्ट अक्षर नव्हे, तर अक्षराच्या आकाराचा क्रमांक साठवीत, आणि तो क्रमांक फॉन्टगणिक निराळा असे. युनिकोडमध्ये 'क'ला सर्वत्र एकच क्रमांक असतो. अखेर एका टंकलेखकाच्या अडगळीतील यंत्रात तो फॉन्ट सापडला आणि गीते परत मिळाली. ती गाणाऱ्या मायबहिणी आज हयात नाहीत. ते यंत्र आधीच विकले गेले असते तर?

म्हणून विनंती आहे. जुना संगणक देण्यापूर्वी त्यातील फाइली, फॉन्ट आणि आज्ञावली यांच्या प्रती दोन ठिकाणी ठेवा. मजकूर युनिकोडमध्ये आणा, पण मूळ फाइल पुसू नका. महत्त्वाचे ते कागदावरही छापा. यंत्र ठेवणार असाल तर मदरबोर्डवरील जुनी बॅटरी काढा. ती पाझरली की मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. सोनीने जपानमधील फ्लॉपीची विक्री २०११ सालीच थांबवली. तेव्हा चालू स्थितीतील फ्लॉपी ड्राइव्ह जपा. प्रत्येक तालुक्याच्या एका तरी वाचनालयात असे एक चालते यंत्र आणि ते हाताळणारा एक तरुण असावा.

राजवाड्यांनी कोणाच्या अनुदानाची वाट पाहिली नाही. येत्या दिवाळीच्या साफसफाईत माळा आवरताना आपणही क्षणभर थांबूया.