हेडफोनला ॲम्प्लिफायर हवा कीं नको?

रेडिओच्या आरंभीच्या काळांत गॅलेना स्फटिकाच्या संचाला ना घरची वीज लागे, ना बॅटरी. आकाशांतून येणाऱ्या लहरींच्या तुटपुंज्या शक्तीवरच हेडफोन बोलत असे. देणाऱ्याचें बळ आणि घेणाऱ्याची भूक यांचा मेळ बसतो कीं नाहीं, हाच प्रश्न तेव्हां होता आणि आजही तोच आहे. खिशांत मावणारा ॲम्प्लिफायर घेऊं पाहणाऱ्या नवशिक्यानें आधीं या प्रश्नाचें उत्तर शोधावें आणि मग दुकानाची वाट धरावी.

हें उत्तर हेडफोनच्या माहितीपत्रकांतील दोन आंकड्यांत असतें. पहिला ओहममध्यें दिलेल्या विद्युत्-अवरोधाचा. दुसरा संवेदनशीलतेचा, म्हणजे एक मिलिवॅट शक्ति दिली असतां किती डेसिबल आवाज निघतो त्याचा. दर 10 डेसिबलला शक्ति दहापट लागते. म्हणून मिलिवॅटला 100 डेसिबल देणाऱ्या हेडफोनला 80 डेसिबलच्या आवाजासाठीं मिलिवॅटचा शंभरावा हिस्सा पुरतो. एवढी शक्ति साधा मोबाइल फोनही सहज देतो. अशा वेळीं ॲम्प्लिफायरवरील खर्च व्यर्थ होय.

अवरोध वाढला कीं हिशेब बदलतो. बायरडायनॅमिक कंपनीचा डीटी 770 प्रो हा हेडफोन 32, 80 आणि 250 ओहम अशा प्रकारांत निघालेला आहे. एक मिलिवॅटसाठीं 32 ओहमच्या हेडफोनला सुमारें 0.18 व्होल्ट पुरतात, 250 ओहमच्या हेडफोनला 0.5 व्होल्ट लागतात. ज्या फोनची धांवच अर्ध्या व्होल्टापर्यंत आहे, त्याच्यावर या दुसऱ्या हेडफोनांतलें गाणें दबलेलें वाटतें. तेथें मात्र ॲम्प्लिफायर हवा.

2016 सालीं ॲपलनें आयफोन 7 मधून हेडफोनची खांच काढून टाकली. पुढें अनेक फोनांनीं तोच मार्ग धरला. त्यांना जोडावयाच्या बोटाएवढ्या डोंगलमध्यें अंकांचा ध्वनि करणारा भाग आणि लहानसा ॲम्प्लिफायर, दोन्ही असतात. स्वस्तांत आरंभ करावयाचा तर प्रथम हाच घ्यावा. तो फोनचीच वीज खातो. स्वतंत्र बॅटरीच्या ॲम्प्लिफायरमध्यें बळ बहुधा अधिक असतें, पण खिशांत एक ओझें वाढतें आणि तें रोज चार्ज करावें लागतें. ब्लूटूथ हेडफोनच्या पोटांत ॲम्प्लिफायर आधींच असतो. बिनतारी ऐकतांना बाहेरच्याचा उपयोग नाहीं.

खरेदी करतांना तीन गोष्टी पाहाव्या. शक्तीचा आंकडा किती ओहमसाठीं दिला आहे तें वाचावें. 32 ओहमचा आंकडा 250 ओहमला लागू पडत नाहीं. ॲम्प्लिफायरचा स्वतःचा अवरोध हेडफोनच्या अवरोधाच्या एक-अष्टमांशाहून अधिक नसावा, नाहीं तर कांहीं हेडफोनांत स्वरांचा समतोल ढळतो. आणि गाणें थांबवून, कानांत घालावयाचे इयरफोन लावून, सूं सूं असा आवाज येतो कीं काय तें तपासावें.

शेवटीं कानांविषयीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें प्रौढानें 80 डेसिबलचा आवाज आठवड्यास फार तर 40 तास ऐकावा. 90 डेसिबलला ही मर्यादा 4 तासांवर येते. ॲम्प्लिफायर बळ देतो, विवेक देत नाहीं. बिघडलेला ॲम्प्लिफायर बदलतां येतो. गेलेली श्रवणशक्ति कोणत्याही दुकानांत मिळत नाहीं.