पॅसिफिक रिम अपरायझिंग : वजन कुठं गेलं?

आज बोलायचंय ते एका अशा सिनेमाबद्दल, ज्याची आठवण काढली की लोक म्हणतात, "अरे हो, त्याचा दुसरा भागही आला होता, नाही का?" पहिला भाग आवडलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकताना मला वाईट वाटतं. सिनेमा आहे 'पॅसिफिक रिम अपरायझिंग'. २३ मार्च २०१८ ला अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत विसरलाही गेला.

ज्यांनी पहिला भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २०१३ चा 'पॅसिफिक रिम', दिग्दर्शक गिएर्मो देल तोरो. पॅसिफिक महासागराच्या तळाशी एक भेग पडते आणि तिच्यातून डोंगराएवढे राक्षसी प्राणी बाहेर येऊ लागतात. त्यांना म्हणायचं कैजू. त्यांच्याशी लढायला माणसं प्रचंड यंत्रमानव बांधतात, त्यांचं नाव येगर. कैजू हा जपानी शब्द आणि येगर म्हणजे जर्मन भाषेत शिकारी. एक येगर चालवायला दोन माणसं लागतात, कारण एकट्याच्या मेंदूला तो भार पेलवत नाही. दोघांची मनं एकमेकांना जोडली जातात आणि एकाच्या आठवणी दुसऱ्याला दिसतात. याला सिनेमात 'ड्रिफ्ट' म्हणतात. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी हा सिनेमा टीव्हीवर हिंदीत पाहिला असेल, मारामारी चालू असताना मध्येच चॅनेल लावून. तसा पाहिला असेल तर पुन्हा एकदा सुरुवातीपासून बघा.

आता दुसऱ्या भागाकडे येऊ. तो का पडला याची दोन उत्तरं लगेच मिळतात. पहिलं, देल तोरो दिग्दर्शक नव्हता. दुसरं, चिनी पैसा आला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. सिनेमा बनवणाऱ्या लेजंडरी या कंपनीला चीनच्या वांडा समूहानं २०१६ मध्ये सुमारे साडेतीन अब्ज डॉलरला विकत घेतलं. देल तोरो निर्माता म्हणून राहिला आणि दिग्दर्शन स्टीव्हन डिनाइटकडे गेलं. टीव्हीवर 'स्पार्टाकस' आणि 'डेअरडेव्हिल' करणाऱ्या डिनाइटचा हा पहिलाच सिनेमा. त्या काळात देल तोरोनं 'द शेप ऑफ वॉटर' केला आणि ४ मार्च २०१८ ला त्यासाठी सर्वोत्तम दिग्दर्शकाचं ऑस्कर घेतलं. म्हणजे तो ऑस्कर घेऊन घरी गेला आणि तीन आठवड्यांच्या आत त्याच्या राक्षसांचा दुसरा भाग त्याच्याशिवाय थिएटरात लागला.

पण ही उत्तरं मला पुरत नाहीत. चीनच्या प्रेक्षकांवर पहिला भागही जगला होता. सुमारे एकोणीस कोटी डॉलर खर्चून काढलेल्या त्या सिनेमानं जगभरात एक्केचाळीस कोटींच्या आसपास धंदा केला, त्यातले अकरा कोटींहून जास्त चीनमधले. ते अमेरिकेपेक्षाही अधिक होते. दुसऱ्या भागाला चीननं दहा कोटींच्या जवळपास दिले. अमेरिकेतली कमाई मात्र दहा कोटींवरून सहावर आली आणि जगभरातला आकडा एकोणतीस कोटींपाशी थांबला. म्हणजे ज्यांच्यासाठी सिनेमा 'बिघडवला' असं म्हणतात, त्यांनाही तो आधीएवढा आवडला नाही.

मग नेमकं काय हरवलं? माझं उत्तर एका शब्दाचं आहे : वजन. आपल्या भाषेत हा शब्द दोन ठिकाणी चालतो. पोत्याला वजन असतं आणि माणसाच्या शब्दालाही असतं. या सिनेमातून दोन्ही वजनं एकदमच गेली.

आधी पोत्याचं वजन घेऊ. येगर साधारण ऐंशी मीटर उंच, म्हणजे पंचवीसेक मजल्यांची इमारत. शाळेतलं पदार्थविज्ञान आठवा. ऐंशी मीटरवरून सोडलेल्या वस्तूला जमिनीवर यायला चार सेकंद लागतात. आपल्या डोक्याच्या उंचीवरून पडलेली वस्तू अर्ध्या सेकंदाच्या थोड्या नंतर खाली असते. आपला डोळा हे गणित न करताही ओळखतो. एवढी मोठी वस्तू सावकाश हलली की ती खरंच मोठी वाटते. माणसासारखी चपळ हलली की वाटतं, अरे, हा तर मुखवटा घातलेला माणूस! जपानी लोकांना हे सत्तर वर्षांपूर्वी कळलं होतं. १९५४ च्या 'गोजिरा'त राक्षसाच्या पोशाखात माणूसच होता. पण एजी त्सुबुराया यांनी ती दृश्यं जास्त वेगानं फिल्म फिरवून टिपली. पडद्यावर नेहमीच्या वेगानं दाखवली की राक्षस जड पावलं टाकतो असं वाटायचं. देल तोरो हे सगळं जाणून होता. त्याचा सिनेमा 'गोजिरा'चे दिग्दर्शक इशिरो होंडा आणि बाहुल्यांचे जादूगार रे हॅरीहाउसन या दोघांना अर्पण केलेला आहे.

म्हणून पहिल्या भागात येगर एक पाऊल टाकतो तेव्हा आधी पाणी उसळतं, मग आवाज येतो, मग अंग सरकतं. कॅमेरा बहुतेक वेळा माणूस खरंच उभा राहू शकेल अशा ठिकाणी आहे : बोटीवर, हेलिकॉप्टरमध्ये, रस्त्यावर. हाँगकाँगच्या लढाईत येगर एक अख्खं मालवाहू जहाज रस्त्यावरून फरफटत आणतो, काठी ओढावी तसं. त्याच लढाईतला एक क्षण मी कधी विसरणार नाही. येगरची मूठ ऑफिसच्या इमारतीत घुसते, खुर्च्या-टेबलं तोडत पुढे जाते आणि शेवटच्या टेबलाला जेमतेम स्पर्श करून थांबते. तिथं एकमेकांवर टकटक आपटणाऱ्या स्टीलच्या गोळ्यांचं ते शोभेचं खेळणं ठेवलेलं असतं. ते हलकेच सुरू होतं. टक, टक, टक. मग मूठ मागे जाते. किती मोठी मूठ होती ते त्या एवढ्याशा गोळ्यांमुळे कळतं.

दुसऱ्या भागात लढाया दिवसाउजेडी आहेत. हे मला चूक वाटत नाही. पहिल्या भागात रात्र, पाऊस आणि समुद्र एवढं एकत्र होतं की "काही दिसतच नाही" ही तक्रार रास्त होती. चूक वेगात आहे. येगर धावतात, कोलांट्या मारतात, तलवारी फिरवतात, आणि सगळं कुस्तीच्या आखाड्यातल्या तरुण पोरासारखं. टोकियोत जिप्सी अव्हेंजर गुरुत्वाकर्षणाच्या शस्त्रानं आजूबाजूच्या इमारती ओढून कैजूंवर पाडतो. गुरुत्वाकर्षण हेच शस्त्र, आणि तरी इमारती पुठ्ठ्याच्या खोक्यांसारख्या सरकतात! शेवटी तर हा येगर वातावरणाच्या टोकावरून थेट खाली फुजी पर्वतावरच्या राक्षसावर कोसळतो. आख्ख्या सिनेमाचा कळस केवळ वजनावर बेतलेला आहे. आणि तिथंही आपल्याला खुर्चीत काही जाणवत नाही.

इथं कारागिरांना मात्र दोष देऊ नका. व्हीएफएक्सचं मुख्य काम डीएनईजीचं, म्हणजे २०१४ मध्ये मुंबईच्या प्राइम फोकसशी जोडली गेलेली लंडनची कंपनी. एकेक फ्रेम थांबवून बघा, धातूवरचे ओरखडेसुद्धा नीट आहेत. येगरनं किती वेगानं हलायचं, हे कॉम्प्युटरवर बसलेला कारागीर ठरवत नाही.

आता दुसरं वजन. माझी खरी तक्रार इथं आहे.

पहिल्या भागाचा जीव माको मोरी आहे. लहानपणी टोकियोत कैजूच्या हल्ल्यात तिचं घरदार गेलं. रिकाम्या रस्त्यावर हातात एक लाल बूट घेऊन रडत चाललेली ती मुलगी, मागे प्रचंड खेकडा. मग एक येगर त्याला मारतो आणि त्यातून बाहेर येतो स्टॅकर पेंटेकॉस्ट, जो पुढे तिला वाढवतो. हे सगळं आपल्याला कळतं ते मोठ्या माकोच्या पहिल्याच ड्रिफ्टमध्ये. ती त्या आठवणीत इतकी अडकते की येगरचं शस्त्र तळावरच सुटता सुटता राहतं. म्हणजे या सिनेमात दुःख हे यंत्राचं इंधन आहे आणि धोकाही. नायक रॉलीचा भाऊ लढताना त्याच्याशी जोडलेला असताना गेला, त्यामुळे भावाची शेवटची भीती रॉलीच्या डोक्यात आहे. शेवटच्या मोहिमेवर जाताना एक बाप मुलाला निरोप देतो आणि दोघांना धड बोलता येत नाही. चिनी तिळे भाऊ आणि रशियन नवरा-बायको काही मिनिटांतच मारले जातात, त्यांना संवादही जवळपास नाहीत, ही माझीही तक्रार होती. पण त्यांचे येगर बुडताना थिएटर गप्प झालं होतं.

माको प्रेक्षकांना इतकी भावली की २०१३ मध्येच चाहत्यांनी तिच्या नावानं एक कसोटी काढली, 'माको मोरी टेस्ट'. सिनेमात किमान एक स्त्री पात्र हवं, तिची स्वतःची कथा हवी आणि ती कथा एखाद्या पुरुषाच्या कथेला आधार देण्यापुरती नसावी. एवढ्याच अटी. अजूनही चित्रपटांवर लिहिणारे ही कसोटी वापरतात.

आणि दुसऱ्या भागात माकोचं काय होतं? ती अधिकारी झालीय. चार-दोन प्रसंगांत दिसते. मग सिडनीत तिचं हेलिकॉप्टर पडतं आणि ती मरते. कशासाठी? नव्या नायकाला, जेकला, पेटून उठायला कारण हवं म्हणून. जेक हा पेंटेकॉस्टचा मुलगा, म्हणजे तिचा भाऊ. जिच्या नावानं कसोटी निघाली, तिलाच त्या कसोटीत नापास करून ठेवलं. आणि पेटून उठणं तरी किती वेळ? एक-दोन छोटे प्रसंग, की पुन्हा चेष्टामस्करी सुरू. बहीण गेलेल्या घरात तेराव्यापर्यंत तरी आवाज खाली असतो हो. रॉली कुठं गेला, हे तर सिनेमा आपल्याला सांगतही नाही.

एक सुरेशही आहे. हो, आपला सुरेश. येगर चालवायला शिकणाऱ्या मुलांमध्ये हा एक भारतीय मुलगा, करण ब्रार या अभिनेत्यानं केलेला. शेवटच्या लढाईत तो मरतो. त्याच्या सोबत्यांना रडायला सिनेमा किती वेळ देतो, ते घड्याळ लावून बघा. लढाई संपल्यावर जेक आणि अमारा फुजीच्या उतारावर बर्फात खेळतात. त्यांना जिंकल्याचा आनंद व्हावाच. पण सुरेश त्यांच्या तोंडी येत नाही.

कुणी म्हणेल, रोबोटच्या मारामारीत कसलं सुतक शोधताय? तिकीट मारामारीचं काढलं होतं ना? मान्य. पण मारामारीत मजा केव्हा येते? समोरचा हरू शकतो आणि हरला तर काहीतरी कायमचं जाईल, असं वाटतं तेव्हा. ते वाटेनासं झालं की उरतो तो फक्त आवाज. दोन तासांचा.

चिडायला होतं ते यासाठी की या सिनेमात चांगल्या कल्पना होत्या. सुरुवातच बघा : मोडक्या बंगल्यात कैजूच्या सांगाड्याशेजारी राहणारा जेक, चोरीच्या मालावर जगणारा, बिस्किटांसाठी वस्तूंची अदलाबदल करणारा. जॉन बॉयेगा त्या पहिल्या दहा मिनिटांत फार छान आहे. पंधरा वर्षांची अमारा भंगारातून स्वतःचा छोटा येगर बनवते. पहिल्या भागातला विनोदी शास्त्रज्ञ न्यूट, ज्यानं कैजूच्या मेंदूशी स्वतःचं मन जोडलं होतं, इथं खलनायक होतो. त्याच्या घरात टाकीतला मेंदू ठेवलाय आणि तो त्याच्याशी बायकोसारखा बोलतो! हे धाडस आधीच्या गोष्टीतून सरळ उगवलेलं आहे. आणि ड्रोन येगरची कल्पना : दूर बसून एकट्यानं चालवायचे, ड्रिफ्टची गरजच नाही. पायलटांचं पुढे काय, जखम न होणारा सैनिक कसा लढेल, हे प्रश्न दारात येऊन उभे राहिले होते. सिनेमानं त्यांना आत घेतलं नाही. ड्रोन बिघडतात, राक्षस बाहेर येतात, चला टोकियोला.

शेवटच्या दृश्यात जेक शत्रूला बजावतो की आता आम्हीच तुमच्या जगात येतोय. तिसऱ्या भागाची तयारी होती ती. तो भाग आला नाही. २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर 'पॅसिफिक रिम : द ब्लॅक' ही अ‍ॅनिमेशन मालिका आली. ओसाड ऑस्ट्रेलियात आईवडिलांना शोधत एका जुन्या, शस्त्रं नसलेल्या येगरमधून फिरणारे बहीण-भाऊ, एवढीच गोष्ट. पैसा कितीतरी कमी, चित्रं कधीकधी ओबडधोबड. पण पहिल्याच भागात त्या पोरांकडून एक चूक होते आणि तिची किंमत त्यांना जन्मभर पुरेल इतकी मोठी असते. 'अपरायझिंग' बघून हिरमोड झाला असेल तर ती बघा. दोन सीझन आहेत, भाग छोटे आहेत, एका रविवारात सहज होतील.