आज्जीचं पासबुक

इथल्या बऱ्याच जणांच्या घरात सरकारी कागद वाचता येणारे तुम्हीच पहिले. म्हणून हे तुम्हालाच सांगतोय.

2016 साली मी बी.ए.ला नाव घातलं. शिष्यवृत्ती मागाहून जमा होते, फी आधी मागतात. आज्जीनं गावातल्या सावकाराकडून 6,000 रुपये आणले. शेत नाही, सोनं नाही. त्यानं तिचं श्रावणबाळ योजनेचं पासबुक आणि एटीएम कार्ड ठेवून घेतलं, पिन नंबरसकट. तेव्हा तिचा ‘पगार’ महिना 600. व्याज महिना शेकडा दहा, म्हणजे तेही 600. हा योगायोग नव्हता. पगार बघूनच त्यानं कर्जाचा आकडा ठरवला होता. मुद्दल हलता कामा नये.

2019मध्ये मी तिला घेऊन बँकेत गेलो, पासबुक हरवलं म्हणून नवं छापून घेतलं. पैसे जमा, की लगेच एटीएममधून उचललेले. तीन वर्षांत 21,600 रुपये. आज्जीनं एटीएम आतून पाहिलेलंही नव्हतं.

हे आपल्याकडेच चालतं असं नाही. 2020च्या लॉकडाऊनमध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात, झालदा भागात, लोकांना रेशन मिळेना. तेव्हा बाहेर आलं की त्यांची रेशनकार्डं सावकारांकडे गहाण होती, तीही वर्षानुवर्षं.

आपल्याकडे 2014चा सावकारी नियमन कायदा आहे. विनापरवाना सावकारी असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे तक्रार देता येते. जरूर द्या. पण आधी बँकेत जाऊन जुनं कार्ड बंद करा. सावकाराच्या हातात नुसतं प्लॅस्टिक उरतं. आम्ही तेच केलं.

मला वाटलं, आज्जी खूश होईल. ती चिडली. “अडीनडीला त्यानं पैसं दिलं. तुझ्या कालिजानं दिलं का? मी शब्द दिलाय.” मी 21,600चा हिशोब मांडला. तिनं ऐकून घेतला आणि चुलीकडं वळली.

वर्षानं कळलं, नव्या कार्डावरच्या पगारातून तिनं गुपचूप त्याचे 6,000 फेडले होते. मी खूप बोललो तिला. तेवढं बोलायला नको होतं. पैसे माझ्याच फीचे होते.

त्या माणसाच्या कपाटात आजही आमच्या वस्तीतली पासबुकं आहेत. त्यातलं एक माझ्या चुलतीचं. तिचा मुलगा यंदा बारावीला आहे.