वार पडण्याची वाट पाहू नका

अणदूर-नळदुर्गच्या माळावरच्या उस्मानाबादी शेळीला जुळी करडं होणं नवलाचं नाही. पण जुळी जन्मणं वेगळं आणि दोन्ही जगणं वेगळं. सुमारे 150 दिवसांनी शेळी व्यायली, की नाकातोंडातला चिकटा पुसून, नाळेला टिंक्चर आयोडीन लावून करडाला पहिल्या तासातच चीक पाजावा. शेळी-मेंढीच्या पिलाला रोगप्रतिकारक घटक गर्भात मिळत नाहीत. ते चिकातूनच मिळतात, आणि ते शोषण्याची आतड्याची ताकद 24 तासांत जवळपास संपते.

वार पडण्याआधी चीक पाजला तर वार अडकते, असं अनेकजण मानतात. घडतं उलटच. पिलू आचळाला लुचलं की शेळीच्या शरीरात ऑक्सिटोसिन स्रवतं, गर्भाशय आकुंचन पावतं आणि वार सुटायला मदत होते. चिकाने हगवण लागते, ही दुसरी शंका. त्यावर उपाय करडू उपाशी ठेवणं नव्हे. आचळं धुवावीत आणि करडाच्या वजनाच्या दहाव्या भागाइतका चीक दिवसभरात विभागून पाजावा. जुळ्यांतलं अशक्त करडू हाताने आचळाला लावावं. 12 तासांत वार पडली नाही, तर ती ओढू नका, पशुवैद्यकांना बोलवा. करडाचा चीक मात्र थांबवू नका.