नळीतल्या हवेचा हिशेब



आज सोबत एक काचनळी आणली आहे. अर्धा मीटर लांब, दोन्ही टोके उघडी. शाळेच्या प्रयोगशाळेत हिच्या एका टोकाला लिकर अमोनियात भिजवलेला कापसाचा बोळा बसवतात, दुसऱ्या टोकाला तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचा, आणि दोन्हीकडून एकदमच बुचे. काही मिनिटांत नळीत पांढरे कडे धरते. ते नवसागराचे, कल्हईवाला तापल्या भांड्यावर टाकतो, तोच नवसागर. कडे मधोमध धरत नाही, आम्लाकडे सरकलेले असते, कारण अमोनियाचा रेणू हलका.

स्कॉटलंडच्या थॉमस ग्रॅहॅमचा नियम मुलांना पाठ असतो: वायूचा वेग रेणुभाराच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात. अमोनियाचा रेणुभार 17, आम्लाच्या वाफेचा 36.5, म्हणून वेगांचे गुणोत्तर 1.46. त्या हिशेबाने कडे अमोनियापासून सुमारे 30 सेंटिमीटरवर यायला हवे. प्रत्यक्षात समजा ते 28 वर आले, तर जर्नलमध्ये काय उतरते? 30. विद्यार्थी असताना मीही तेच लिहिले आणि ‘उत्तम’ असा शेरा मिळवला. त्या शेऱ्याची खंत अजून आहे.

कारण 28 हे रीडिंग चूक नसते. वायू बारीक छिद्रातून निर्वात जागेत निसटतो, तेव्हा 1.46 चा हिशेब जुळतो. आपल्या नळीत हवा भरलेली असते. अमोनियाचे रेणू सेकंदाला सुमारे 600 मीटर वेगाने धावतात. वाट मोकळी असती तर एका सेकंदाच्या हजाराव्या भागात नळी पार झाली असती. मग मिनिटे का लागतात? डच शास्त्रज्ञ बाइस बालोटने 1858 मध्ये वासाविषयी हीच शंका काढली होती: रेणू इतके वेगवान, तर वास इतका सावकाश का पसरतो? जर्मन शास्त्रज्ञ क्लाउझियसने त्याच वर्षी उत्तर दिले: रेणू सरळ जातच नाही. मिलिमीटरचा दहा हजारावा भागही न जाता तो दुसऱ्या रेणूवर आदळतो, दिशा बदलतो. दोन्ही वायूंना हवेचे तेच धक्के खावे लागतात, म्हणून त्यांच्या वेगांचे गुणोत्तर 1.46 पेक्षा कमी पडते. तीस लिहिणाऱ्या मुलाने हा क्लाउझियसच खोडून टाकला!

आपल्या वर्ध्यात याला आणखी एक जोड देता येईल. तापमान 15 अंशांवरून 45 वर गेले, की विसरण, म्हणजे वायूचे हवेत पसरणे, साधारण एकपंचमांशाने वाढते. जानेवारीच्या सकाळी आणि मार्चच्या दुपारी हाच प्रयोग करून पाहा. दुपारी कडे लवकर धरेल, जागा मात्र फारशी हलणार नाही. खिडक्या उघड्या ठेवा, बाटल्या शिक्षकांनीच हाताळाव्यात.

ऑक्टोबर 1937 मध्ये याच वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हाताने काम करत शिकण्याचा विचार देशापुढे आला. हाताने केलेले वहीत खोटे उतरले, तर ते शिकणे कसले?

शिक्षकांना माझी एवढीच विनंती आहे: यंदा प्रत्येक गटाचे रीडिंग आधी फळ्यावर लिहा, 1.46 त्यानंतर, आणि गुण मुलांनी खरोखर मोजलेल्या आकड्याला द्या.