थकू नये आणि अडू नये



म्युनिकच्या या सभागृहात मोटारसायकलींविषयी बोलावे अशी सूचना आपल्या मंडळाकडून आली, तेव्हा मला मनापासून समाधान वाटले; कारण याच शहराच्या उत्तर भागात जिची मुख्य कचेरी आहे त्या बीएमडब्ल्यू कंपनीने गेल्या अर्धशतकात दूरच्या प्रवासाच्या मोटारसायकलीला जे वळण लावले, त्याच्या खुणा आज आपल्या चाकणच्या कारखान्यांपासून लेहच्या बाजारपेठेपर्यंत दिसतात, आणि आपणांपैकी कित्येकजण या ना त्या नात्याने याच व्यवसायात आहात. यंत्रशास्त्राचा ऊहापोह मी त्या जाणकारांकडेच सोपवतो. माझा विषय स्वाराचा आहे. दूरच्या मार्गाला निघणारा मनुष्य टूरिंगची गाडी घ्यावी की ॲडव्हेंचरची, असा विचार करीत दुकानात उभा राहतो, तेव्हा त्या गाडीकडून त्याला खरोखर काय हवे असते, आणि ते त्याच्या पदरात कितपत पडते, एवढाच प्रश्न मी हाती घेतला आहे.

माझे उत्तर आरंभीच सांगतो. टूरिंगच्या गाडीकडे स्वाराचे मागणे असते की आपण थकू नये; ॲडव्हेंचरच्या गाडीकडे मागणे असते की आपण अडू नये. आणि या दोन्ही मागण्या आधी रस्त्यावर जन्मल्या, कारखान्यांच्या दप्तरी त्यांची नोंद मागाहून झाली, असे इतिहास पाहता दिसते.

होंडाने १९७५ साली गोल्ड विंग अमेरिकेच्या बाजारात आणली, तेव्हा ९९९ सीसीचे, दोन्ही बाजूंना आडवे पसरलेल्या चार सिलिंडरांचे, पाण्याने थंड होणारे इंजिन आणि चेनऐवजी शाफ्टने फिरणारे मागचे चाक एवढा सरंजाम तिच्यात असूनही वाऱ्यापासून स्वाराचे रक्षण करील असे काही तिला नव्हते. ही उणीव ओळखली ती तिच्या मालकांनी. क्रेग व्हेटर या अमेरिकन रचनाकाराने तयार केलेले ‘विंडजॅमर’ नावाचे कवच पुढे बसवून, बाजूंना पेट्या जोडून, त्यांनी आपापल्या गाड्यांत असे फेरफार केले की १९८० साली खुद्द होंडानेच कवच आणि पेट्यांसह सजलेली ‘इंटरस्टेट’ विक्रीस मांडली. बीएमडब्ल्यूने १९७६ सालीच आर १०० आरएस या गाडीला पूर्ण कवच देऊन तोच मार्ग धरला होता. या कवचाचे महत्त्व ज्यांनी उघड्या गाडीवरून दिवसभर भरधाव प्रवास केला आहे त्यांना सांगायला नको. वाऱ्याचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ताशी ६५ किलोमीटरला छातीवर जो दाब येतो तो १३० ला चौपट होतो, आणि तो दाब मान, खांदे व मनगटे यांनी तासन्‌तास पेलायचा असतो. कानात घुमणारा आवाज त्याहून लबाड. तो स्वाराला कळू न देता त्याची शक्ती खातो आणि मुक्कामाला पोचल्यावर बोलण्याची इच्छाही उरू देत नाही.

हा शीण नाहीसा करण्याच्या मार्गाने टूरिंगची गाडी जात राहिली आणि दर पिढीला अधिक जड होत गेली. १९८८ साली गोल्ड विंगला सहा सिलिंडर मिळाले आणि त्यांबरोबर स्टार्टरच्या मोटरवर चालणारा, गाडी मागे घेण्याचा रिव्हर्स मिळाला. उभी गाडी मागे लोटणे आता स्वाराच्या पायांच्या आवाक्यातले राहिले नाही, याची ती राजरोस कबुली होती. तरीही या गाडीची थोरवी मी कमी लेखणार नाही. तिचे इंजिन इतके खाली वसलेले आहे की एकदा चाके फिरू लागली की तिचे वजन विरून जाते. आणि मागच्या आसनावर बसणाऱ्या व्यक्तीची जेवढी चिंता या वर्गाने वाहिली तेवढी दुसऱ्या कोणीही वाहिलेली नाही. आपल्याकडे गाडीची चर्चा नेहमी पुढे बसणाराच करतो. परंतु पतीपत्नी दोघांनी मिळून आठशे किलोमीटरची मजल मारायची असेल, तर मागे बसणारीच्या पाठीला आधार आहे की नाही, तिची पावले सरळ टेकतात की गुडघे दुमडून ठेवावे लागतात, यांवर सगळ्या प्रवासाचे सुख अवलंबून असते, आणि त्या बाबतीत तिचा कौल अखेरचा मानावा असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या शाखेचा उगम आफ्रिकेच्या वाळूत आहे. २६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसहून डाकारच्या पहिल्या शर्यतीचा काफिला निघाला, आणि पहिल्या दोन्ही वर्षी मोटारसायकलींत सिरिल नव्हू याने यामाहाच्या एका सिलिंडरच्या, ५०० सीसीच्या साध्या गाडीवर विजय मिळवला. १९८० च्या शरदात बीएमडब्ल्यूने फ्रान्समधील आव्हिन्यों येथे आर ८० जी/एस जगापुढे ठेवली. ७९७ सीसी, पन्नास अश्वशक्ती, मागचे चाक एकाच बाजूच्या भुजेवर तोललेले, आणि वजन १८६ किलो. त्या काळी धुळीच्या वाटेवर चालणारी गाडी म्हणजे लहान, हलकी, एका सिलिंडरची, असा सर्वत्र समज होता. इतक्या मोठ्या इंजिनाची गाडी डांबर सोडून खाली उतरेल ही कल्पनाच पुष्कळांना पटली नव्हती. पुढच्याच वर्षी, १९८१ साली, ह्यूबेर ओरिओल याने बीएमडब्ल्यूवर डाकारची शर्यत जिंकली आणि तो वाद मिटला.

येथे एक कोडे उभे राहते, आणि माझ्या विषयाचा गाभा त्यातच आहे. जी/एसचा वंश जर्मनीत वर्षानुवर्षे खपाच्या अग्रभागी आहे. परंतु त्या गाड्यांपैकी बहुसंख्य आयुष्यभर डांबरावरच धावतात. यावरून पुष्कळ टीकाकार असा निष्कर्ष काढतात की, लोक साहसाचे केवळ सोंग विकत घेतात. हा निष्कर्ष मला उथळ वाटतो. आल्प्समधील स्टेल्व्हिओच्या घाटाचे उदाहरण घेऊ. ऑस्ट्रियन साम्राज्याने १८२० ते १८२५ या काळात बांधून काढलेला हा रस्ता २,७५७ मीटरांवर चढतो आणि त्राफोईच्या बाजूने त्याला ४८ वळणे आहेत. प्रत्येक वळणावर गाडी जवळजवळ थांबते, पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये हँडल पुरे वळवावे लागते, आणि नजर खालच्या कठड्यावरून उचलून वरच्या रस्त्याच्या टोकावर न्यावी लागते. जड टूरिंग गाडीवरचा, हात पुढे करून बसलेला स्वार या ठिकाणी गाडीशी झोंबतो. ॲडव्हेंचरच्या गाडीवरचा स्वार ताठ बसलेला असतो, रुंद हँडलामुळे त्याला जोर कमी लागतो, आणि उंच बसल्यामुळे समोरून येणारी बस त्याला आधी दिसते. पुढे फुटका रस्ता लागला तर तो फूटरेस्टवर उभा राहतो, गुडघे किंचित वाकवतो आणि खालची गाडी हलू देतो. टूरिंगच्या गाडीत चाकाला वरखाली होण्यास साधारण बारा-चौदा सेंटिमीटर मिळतात, तेथे हिला वीसच्या आसपास मिळतात, आणि उरलेला दणका गुडघे झेलतात. दोन मिनिटांनी तो पुन्हा बसतो तो ताजातवाना होऊन. बसलेल्या देहाला कितीही मऊ आसन दिले तरी तो आंबतोच. हालचालीची मुभा असलेला देह पुष्कळ वेळ टिकतो. ‘अडू नये’ म्हणून घडवलेल्या गाडीने ‘थकू नये’ ही मागणीही अशा रीतीने पुरवली, आणि डांबरावरच्या स्वारांनी तिला आपलेसे केले, यात सोंग मुळीच नाही.

मात्र या यशातूनच पुढचा दोष उपजला. स्वारांनी मोठी टाकी मागितली, उंच काच मागितली, पेट्या मागितल्या, आणि कारखान्यांनी सारे दिले. परिणामी, २०२४ साली आलेली बीएमडब्ल्यूची आर १३०० जीएस ॲडव्हेंचर ही गाडी तिची तीस लिटरची टाकी भरल्यावर २६९ किलो भरते. १९७५ ची पहिली गोल्ड विंग पेट्रोलविना सुमारे २६५ किलोंची होती. ॲडव्हेंचरची गाडी १८६ किलोंपासून निघाली आणि चार दशकांत टूरिंगच्या उंबरठ्यावर येऊन उभी राहिली.

वजन हा तपशिलाचा प्रश्न नाही, हे गाडी पडल्यावर कळते. खडीवर गाडी आडवी झाली म्हणजे प्रथम इंजिन बंद करावे. गाडी उजव्या अंगाला पडली असेल तर डाव्या बाजूचा स्टँड आधीच काढून ठेवावा, नाहीतर उचललेली गाडी पलीकडे कोसळते. गिअर टाकून ठेवावा म्हणजे चाक घरंगळत नाही. मग गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला कंबर टेकावी, एका हाताने हँडलची खालची मूठ आणि दुसऱ्याने मागची पकड धरावी, पाठ सरळ ठेवून बसकण मारावी, आणि पाठीचा जोर न लावता मांड्यांच्या बळावर लहान लहान पावले मागे टाकीत गाडी उभी करावी. बीएमडब्ल्यूच्या बाजूंना आलेले सिलिंडर तिला पुरती झोपू देत नाहीत, ही एक सोय. तरीही भरल्या पेट्यांची गाडी एकट्याने दिवसातून तिसऱ्यांदा उचलताना बळकट मनुष्याचेही हात थरथरतात, आणि मनुष्यवस्ती दूर असेल तर ‘अडू नये’ हे अभिवचन तेथेच संपते. २००४ साली ईवन मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन हे दोन अभिनेते अशाच जड गाड्यांवर लंडनहून पूर्वेकडे न्यूयॉर्कला निघाले, तेव्हा मंगोलियाच्या मुलखात चिखलाने त्यांची काय अवस्था केली हे त्यांच्या चित्रमालिकेत सर्वांनी पाहिले; त्यांच्या सोबतच्या छायाचित्रकाराची गाडी नादुरुस्त झाल्यावर त्याच्यासाठी साधी रशियन बनावटीची हलकी गाडी विकत घेतली गेली, आणि तो तिच्यावर पुढे निघाला.

याच्या कितीतरी आधी, १९८२ ते १९८४ या काळात, एल्स्पेथ बेअर्ड या इंग्रज तरुणीने बीएमडब्ल्यूच्या ६०० सीसीच्या, तेव्हाच जुन्या झालेल्या रस्त्यावरच्या गाडीवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि त्या प्रवासात भारतही आला. सिडनीत मुक्काम असताना तिने अल्युमिनियमच्या पत्र्याच्या, कुलूप लागणाऱ्या पेट्या स्वतः तयार केल्या. आज ॲडव्हेंचरच्या गाडीची ओळख होऊन बसलेल्या चंदेरी पेट्या पाहिल्या की मला त्या वास्तुशास्त्राच्या विद्यार्थिनीची आठवण होते. दुकानात तयार मिळत नाही ते आपल्या हातांनी सिद्ध करून घेण्याची तिची वृत्ती मला त्या प्रदक्षिणेइतकीच मोलाची वाटते.

वजनाच्या या अतिरेकावर उतारा आपल्या देशातून आला, हे परदेशी राहणाऱ्या आपणा सर्वांना अभिमानाने सांगावेसे वाटते. २०१६ साली रॉयल एन्फील्डने हिमालयन आणली: ४११ सीसी, अवघी साडेचोवीस अश्वशक्ती, पुढचे चाक एकवीस इंचांचे आणि सीटची उंची ८०० मिलिमीटर. पुढचे चाक मोठे असले म्हणजे दगडावर आदळण्याऐवजी ते त्यावरून सहज चढून जाते, आणि सीट ठेंगणी असली म्हणजे साधारण उंचीच्या स्त्रीपुरुषांचे दोन्ही पाय जमिनीला पोचतात. युरोपातील कारखानदारांनी ८५० मिलिमीटर ही उंची गृहीत धरून किती दुचाकीस्वारांना या प्रांताबाहेर ठेवले, याचा हिशेब कोणीतरी मांडावयास हवा. २०२० साली चाकणला तयार होणारी केटीएम ३९० ॲडव्हेंचर आली. तिचीही सीट ८५५ मिलिमीटर, ही माझी तक्रार आहेच; परंतु वजनाने ती मोठ्या जर्मन गाडीपेक्षा जवळजवळ शंभर किलो हलकी, आणि येथील दुकानांतूनही ती विकली जाऊ लागली. जर्मनीतल्या खरेदीदाराने आल्प्सच्या कच्च्या वाटांसाठी पुणे जिल्ह्यातली गाडी निवडावी, ही घटना मला फार मोठी वाटते.

आपणांपैकी पुष्कळजण रजेत मायदेशी जाऊन लेहचा बेत करतात. त्यांच्यासाठी दोन शब्द. येथे जी गाडी वापरता तिच्या मापाने तिकडची गाडी निवडू नका. खारदुंग ला सुमारे ५,३५९ मीटरांवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून किंचितच अधिक असतो, आणि त्या प्रमाणात प्रत्येक इंजिनाची शक्ती घटते. इंजेक्शनची गाडी विरळ हवेच्या मानाने पेट्रोलचे प्रमाण आपोआप कमी करते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलचे प्रमाण वाढून ती धूर ओकू लागते. मनालीकडून जाणाऱ्यांना तांदीच्या पंपावर, पुढील पंप ३६५ किलोमीटरांवर असल्याची प्रसिद्ध पाटी भेटते. ४११ सीसीच्या हिमालयनच्या पंधरा लिटरांच्या टाकीत लिटरला तीस किलोमीटर धरले तर हे अंतर पार पडते, तरी चढ, थंडी आणि पाठीमागचे ओझे लक्षात घेऊन पाच लिटरांचा जादा डबा बरोबर असावा. मनालीत भाड्याने घेतलेली गाडी लडाखात स्थानिक फिरण्यास वापरू देत नाहीत. तेथील व्यावसायिकांचा तो आग्रह आहे, आणि त्यांच्या चरितार्थाचा विचार करता मला तो न्याय्य वाटतो. तेव्हा लेहला पोचल्यावर तिथलीच गाडी घ्यावी. ती ताब्यात घेताना टायर, ब्रेक आणि चेन आपल्या डोळ्यांनी तपासावी. आणि चाक ट्यूबचे असेल तर जादा ट्यूब, टायर उतरवण्याच्या पट्ट्या आणि हवेचा पंप बरोबर दिला आहे की नाही, याची खातरजमा केल्याशिवाय पावतीवर सही करू नये.