गच्चीवरचं ऊन, आंघोळीचं पाणी
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



मला पंधरा मिनिटं दिलीत, पण विषय पाण्याचा आहे, लवकर तापवतो.

पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या बऱ्याच घरांत पहाटे बंब पेटायचा. मग रॉड आला, गिझर आला, काहींच्या गच्चीवर नळ्यांचा सोलर आला. आता मला सारखं विचारलं जातं, विजेच्या पॅनेलवर पाणी तापवणं परवडतं का?

हिशेब बघा. चौघांच्या घरात 80 लिटर पाणी 20 अंशांवरून 45 अंशांवर न्यायला साधारण अडीच युनिट लागतात. एक किलोवॅटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला चारेक युनिट देतं. जागा लागते शंभरेक चौरस फूट. नुसतं पाणीच तापवायचं असेल तर नळ्यांचा सोलर सरस, हे आधीच सांगतो. तेवढ्याच उन्हातून तो दुपटीहून जास्त उष्णता घेतो.

पण हरसूलचा पाऊस! भर पावसाळ्यात नळ्या नुसत्या धुऊन निघतात. आणि मे महिन्यात उकळतं पाणी हवंय कुणाला? पॅनेलची मेमधली वीज मात्र वाया जात नाही. पंखे, फ्रिज चालवून उरलेली युनिटं नेट मीटरमुळे महावितरणकडे आपल्या नावावर जमा राहतात. वर्षाचा हिशेब 31 मार्चला होतो. म्हणजे एप्रिल-मेचं ऊन जुलैच्या आंघोळीला! नियम बदलत असतात, तेवढे अर्ज करताना बघून घ्या.

2024 पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॅटला 30,000 आणि 2 किलोवॅटला 60,000 रुपये अनुदान आहे. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी त्याच वर्षी राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली. वाडीला जमतं, तर आपल्याला का नाही?

दोन गोष्टी बजावून सांगतो. लाईट गेली की बॅटरी नसलेली पॅनेलसुद्धा बंद पडतात. खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ती तशीच केलेली असतात. तेव्हा आजीचा तांब्याचा बंब मोडीत घालू नका. आणि बादलीतला रॉड चालू ठेवून पाण्यात हात घालणं आजपासून बंद. आधी अर्थिंग तपासून घ्या, मग सोलरचं बोला.

येत्या रविवारी टेप घेऊन गच्च्या मोजायला निघतोय. मागच्या ओळीतल्या दोन घरांवर दुपारनंतर आंब्याची सावली येते. आंबा तोडायचा नाही, हे ठरलेलंच आहे. त्या दोन घरांचं काय करायचं, ते मोजमाप झाल्यावर सभेत बोलू.